रेस दिली की गुदमरते

१४ सप्टेंबर, रविवार

घूंऽऽऽ. दुसऱ्या गिअरमधला तो एकसुरी आवाज. पहाटे जाग आली ती त्यानेच. रस्त्यावर काही नव्हतं, माझ्याच डोक्यातला आवाज. घाटाखालची शाळा, आम्ही चौथीत की पाचवीत, बाई फळ्याजवळ, आणि सगळा वर्ग हेल काढून ओढ्याची कविता म्हणतोय. तेवढ्यात लष्कराच्या गाड्या घाट चढू लागल्या. एकीमागे एक, संपेचनात. बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "चाल मोडू नका, त्यांच्या सुरात सूर मिळवा." मिळवला. काचा थरथरत होत्या आणि ओढा वाहत होता.

कुमुदला चहाच्या वेळी सांगितलं. म्हणाली, "तुमचा ताफा दर दोन महिन्यांनी जातो त्या घाटातून. येताना कोथिंबीर आणा."

मग मरोळला. रविवारी दत्तारामचा लेथचा गाळा बंद, म्हणजे शटर अर्धं. मागच्या अंगणात आमची वन-टन, एक टन माल वाहणारी जुनी गाडी. लष्कराच्या लिलावातून दोघांनी मिळून घेतली तेव्हा तिला चाकं होती, अब्रू नव्हती, असं दत्ताचं म्हणणं. तो हिरवा रंग खाजगी माणसाला ठेवता येत नाही, म्हणून अंगावर बिस्किटी. दत्ताकडे डब्यात तोच उरला होता. लग्नाच्या पंगतीत चुकून आलेल्या पहिलवानासारखी दिसते.

आज मागच्या ब्रेकची रबरं बदलली. मी वर बसून पेडल दाबायचं, त्याने खाली आडवं पडून हवा काढायची.

"दाब. सोड. दाब. अरे दाब म्हटला की दाब ना कवी, इचार कसला करतंस!"

कोथिंबीर राहिली.


१८ सप्टेंबर, गुरुवार

दत्ताने आज पाना पुसता पुसता सांगितलं, माझ्याकडे न बघता. दिवाळीनंतर गाळा भाड्याने जाणार. महेशने, म्हणजे त्याच्या मुलाने, ठरवलंय. महेशचं कणकवलीत दुकान आहे, सुनंदावहिनी गावच्या घरात. दत्ताच एकटा इथे, वाकोल्याच्या खोलीत झोपायला आणि मरोळला जगायला.

"जाऊचा तर असाच कधीतरी," म्हणाला. "महेश टेम्पो पाठवतंय म्हणता. मी सांगितलंय, नाय. माझो लेथ, माझी ट्रंक, सगळा माझ्याच गाडीतून येतला. गाडी नीट चालाक लागली की दुसऱ्या दिवशी निघतलंय."

"आपल्या," मी म्हटलं.

"काय?"

"आपल्या गाडीतून."

"हां बाबा, आपल्या. तू खय ठेवतलंस ती? गॅलरीत?"

बरोबर आहे. आमच्या सोसायटीत स्कूटरवरून भांडणं होतात. गाडी त्याच्याबरोबर जाणार हे उघड होतं, फक्त कुणी बोललं नव्हतं. मी झकास म्हणालो. खरंच म्हणालो, झकास.

रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, तो एका वाक्यात दोन गोष्टी घेऊन गेला. गाडी आणि


२५ सप्टेंबर, गुरुवार

तरी काम सोडवत नाही. हात आपोआप जातात. कार्ब्युरेटर उतरवला, पेट्रोलमध्ये भिजत टाकला. आत पिवळी साय धरली होती.

प्लगच्या वायरी लावताना मी ठिणगीचा क्रम मोठ्याने म्हणतो. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. आज बसल्या बसल्या मात्रा पाहिल्या. एक, पाच, तीन, दोन, चार, सगळे गुरू-लघू. 'सहा' तेवढा उलटा, लघू-गुरू. नेमका मधे. पाच जण एका चालीने चाललेत आणि एकजण पाय बदलून. दत्ताला समजावून सांगितलं.

"तुझा इंजिन वृत्तात चालता. माझा पेट्रोलवर."

संध्याकाळी चहाच्या वेळेला वहिनींचा फोन. रोज असतो. दत्ता स्पीकरवर टाकतो कारण हात काळे.

"झाली काय चालू?"

"होतली गो. कवी वायरी लावतंय."

"मगे झालाच!" आणि हसल्या.

त्यांचं हसू चांगलं आहे. गुडघे फार दुखतात म्हणे हल्ली.


१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

गाळ्यात पूजा. सगळे पाने, हातोड्या, डाय, ड्रिल रॉकेलने धुऊन पाटावर लाल कपड्यावर. लेथला हार. दत्ता न्हाऊन, स्वच्छ सदऱ्यात, ओळखू येईना. कार्ब्युरेटर सुटा पडला होता, झाकण वेगळं, वाटी वेगळी. मी म्हटलं आत ठेवू. तर म्हणाला, "ठेव पाटावर, ता पण हत्यारच आपला."

कुमुद दर वर्षी पूजेला येते. तिचा हात सढळ. अक्षता टाकते त्या लग्नात टाकाव्यात तशा, मुठीने. कुंकवात भिजवलेले लाल तांदूळ पान्यांवर, लेथवर, दत्ताच्या टकलावर.

"वहिनी, माका पण पूजलात?"

"तुम्ही सगळ्यात जुनं हत्यार," कु. म्हणाली.

मग गाडीला हार, चाकाखाली लिंबं. बॉनेटचा एक चाप सैल दिसला म्हणून मी सवयीने पाना उचलायला गेलो, तर दत्ताने हातावर चापट मारली. पूजेत बसलेल्या हत्याराला उद्यापर्यंत हात लावायचा नाही. त्याचे वडील गिरणीत होते, तिथपासूनचा हा नेम. वर्षातून एक दिवस लोखंडाला सुट्टी. मला हे फार आवडतं. दिवसभर नुसते गाडीकडे बघत बसलो, दोघं, पाहुण्यांसारखे.


२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी पूजा हलवली, सोनं दिलं-घेतलं, आणि दत्ताने बाह्या वर केल्या. दुपारपर्यंत कार्ब्युरेटर बसवला. सेल्फ मारला. खोकली. पुन्हा मारला. लागली!

काय आवाज. हलकी, समेवर असल्यासारखी. बिस्किटी बॉनेट थरथरत होतं, त्यावरची झेंडूची फुलं हलत होती. दत्ताने माझा खांदा असा दाबला की अजून दुखतोय.

मग त्याने रेस दिली आणि ती गुदमरली. फर्र करून बंद. परत मारली, परत लागली. उभी असताना गुणगुणते. रेस दिली की गुदमरते. फाटकापर्यंतसुद्धा जाईना.

दत्ता खूप वेळ कमरेवर हात ठेवून उभा. मीही उभा. मला त्या वेळी जे काही वाटलं त्याला निराशा म्हणता येणार नाही. तसं लिहून ठेवतो. निदान इथे तरी.


५ ऑक्टोबर, रविवार

प्लग साफ. पंप उघडला, पडदा चांगला आहे. टाकीतून पेट्रोल गाळून घेतलं. पॉइंट घासले. तेच. गुणगुण, रेस, फर्र.

"पेट्रोल कमी पडता कुठेतरी," दत्ता म्हणाला. "कार्ब्युरेटर मी सोता धुतलंय, ता सोडून बाकी सगळा बघ."

वहिनींचा फोन. "झाली काय?"

"नाय गो अजून."

आज हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मगे दिवाळीचा फराळ मी कोणासाठी करू ता सांगा."


९ ऑक्टोबर, गुरुवार

दत्ता डोळे तपासायला घाटकोपरला गेला होता. किल्ली माझ्याकडे असते. गाळ्यात एकटा. बसून बसून कंटाळलो म्हणून कार्ब्युरेटरची वाटी उघडली. सहज. त्याने नको म्हटलं होतं म्हणूनही असेल.

तळाला एक तांदूळ.

पेट्रोलने कुंकू धुऊन गेलं होतं, कडेला किंचित लाली. मी बराच वेळ बघत राहिलो. रेस दिली की पेट्रोल जोरात ओढलं जातं, त्याबरोबर दाणा जाऊन भोकावर बसत असणार. इंजिन बंद पडलं की पुन्हा खाली. म्हणून लगेच लागते, म्हणून गुदमरते. इतकं साधं. कुमुदची अक्षता. देवाने टाकल्यासारखी.

बोटाने काढली असती तर काम झालं असतं. उद्या गाडी फाटकाबाहेर. परवा लेथ, ट्रंक, दत्ता.

मी वाटी तशीच बसवली. दाणा आत. स्क्रू घट्ट केले. हात धुतले.

दत्ता आला तेव्हा डोळ्यांत औषध घातलेलं, बुबुळं मोठी. "काय करीत होतंस?" म्हणाला. म्हटलं, काही नाही, कविता आठवत होतो.


११ ऑक्टोबर, शनिवार

मोतीबिंदू निघालाय त्याला. पिकलेला नाही अजून. हसत सांगितलं.

दिवसभर वायरी बघितल्या. मी दिवा धरून उभा. मला माहीत होतं की वायरींत काही नाही. तरी दिवा नीट धरला होता, इकडे, तिकडे, तो सांगेल तिथे.

"कवी, आजारी पडलंस की काय? दोन दिवस एक ओळ नाय."

मी ओढ्याची कविता म्हणायला घेतली. दुसऱ्या कडव्यावर अडलो. साठ वर्षं पाठ आहे ती.


१३ ऑक्टोबर, सोमवार

नवीनच. आज मुळीच सुरू होईना. सेल्फ फिरतो, इंजिन ढिम्म. गुणगुणसुद्धा नाही.

मी घाबरलो. माझ्या त्या दाण्याने आणखी काही बिघडवलं की काय.

"काय झालं असेल रे?"

"काय म्हायत," दत्ता म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

दत्ता कधी 'काय म्हायत' म्हणत नाही. दुसऱ्याच्या मिक्सरचा आवाज फोनवर ऐकून बेअरिंग सांगणारा माणूस. थकला असेल. ते डोळे. माझ्यामुळे रोज वाकून


१४ ऑक्टोबर, मंगळवार

कु. चकलीची भाजणी चाळत होती. "काय झालंय तुम्हाला? भात ढवळत बसता नुसता. जेवायचं नाही का?"

सांगून टाकलं. सगळं. भातावरूनच निघालं.

आधी हसली. इतकी की चाळणी खाली ठेवली. "माझी अक्षता! अहो, म्हणजे मीच दत्ताभावजींना थांबवून ठेवलं म्हणायचं!" मी पण हसलो. बरं वाटलं जरा.

मग डोळे पुसले. म्हणाली, "तुम्ही सुनंदाच्या जागी मला ठेवून बघा. मी संध्याकाळी फोन करून विचारतेय, झाली का चालू, आणि तिकडे तिसराच कुणी माणूस झाकण लावून बसलाय."

"तिसरा नाही गं मी."

"तिच्या लेखी कोण मग?"

ती परत चाळायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुमचा जीव आहे त्यांच्यावर, ते कळतं मला. पण तो तांदळात लपवायचा नसतो. जाऊन सांगायचा असतो."

उद्या जातो. दाणा काढतो आणि सांगतो.


१६ ऑक्टोबर, गुरुवार

काल गेलोच नाही. पाऊल उचलेना. आज गेलो. दत्ता बाजारात गेला होता, शेजारच्या गाळेवाल्याने सांगितलं. म्हटलं आधी दाणा काढून हातात ठेवू, मग बोलणं सोपं जाईल. हे बघ, हा. आणि मी हा आठवडाभर ठेवला होता.

वाटी उघडली. दाणा नव्हता.

तळ लखलखीत. पुसलेला. दोनदा बोट फिरवून बघितलं, चष्मा काढून बघितलं. नाही.

म्हणजे दत्ताला सापडला. कधीतरी शनिवार-रविवारकडे. काढून टाकला त्याने. मग गाडी धावायला हवी होती. आणि सोमवारपासून ती तर सुरूच होत नाही.

खाली बसलो. मग उठून डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. आतल्या कंडेन्सरची बारीक वायर, जिच्याविना धड ठिणगी पडत नाही, जागेवरून सोडवलेली. तुटलेली नाही, सुटलेली नाही. सोडवलेली. टोकाला काळी टेप, कडा नखाने दाबून बसवलेल्या, आणि वायर नीट वळवून एका बाजूला ठेवलेली. कुणालाही इजा होऊ नये अशी. दत्ता वायर कधी तोडत नाही. अशीच टेप लावून बाजूला ठेवतो, पुन्हा लावायची असते म्हणून.

टोपी जशी होती तशी बसवली.

तो आला. पिशवीत मेथी, दोन पणत्या.

"इतक्यात इलंस?"

"सहज."

"उघडलंस काय?"

"नाही."

मेथी निवडत बसलो दोघं. पणत्या इथे कशाला घेतल्यास, असं विचारायचं होतं. नाही विचारलं.


१७ ऑक्टोबर, शुक्रवार

कुमुदला सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली. "दोन म्हातारे आणि एक गाडी. तिघांनाही कुणीतरी ढकलायला हवं."

आज गाडीवर काम असं काहीच नाही. दत्ताने ग्रीस भरलं, जिथे परवाच भरलं होतं तिथे. मी आरसे पुसले. दोघंही फार मन लावून. मधेच म्हणाला, "गावाक कसा, सगळा शांत. रात्री सातला झोपतत. माझो कान ह्या मशीनींचो. शांततेत माका ऐकूक येणा नाय." आणि मग घाईने, "पण घर मोठा असा. तिचे गुडघे... तिका इथे खोलीचा जिना जमणा नाय. म्हणान तर गेली ती."

मी विचारलं, "तुला जायचंय का रे?"

"जाऊक तर होया."

"ते नाही विचारलं."

"मगे तू पण इचारू नको," म्हणाला. रागावला नव्हता. माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि मी पुसलेला आरसा परत पुसला.

संध्याकाळी फोन. "नाय गो. अजून नाय. काय कळणाच नाय काय झालासा ता." बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याच्याकडे बघितलं नाही. पलीकडून नुसता कुठे तरी कोंबडा आरवत होता, अवेळी.

सांगायला हवं होतं. दाण्याचं माझं, वायरचं त्याचं. मी माझं सांगितलं की त्याचं उघडं पडतं. त्याचं उघडं पडलं की तो जाणार, कारण लाजेने तो एक दिवस थांबायचा नाही, ओळखतो मी त्याला. नाही सांगितलं तर वहिनी तिकडे फोन हातात घेऊन. कोणत्याही बाजूने म्हणा, एक चरण अपुराच राहतो.


१९ ऑक्टोबर, रविवार

उद्या पहिली आंघोळ. सकाळपासून घरात तळणाचा वास. ठरवलं होतं, आज दुपारी दत्ताला फराळाचा डबा द्यायला जायचं आणि बोलायचं. काय बोलायचं ते पाठ करत होतो, शाळेत करायचो तसं, खिडकीशी उभं राहून.

बेल वाजली. कु. आतून म्हणाली, "दत्ताभावजीच असतील, डबा न्यायला. बघा, तुमच्याआधी आले." मी दार उघडेपर्यंत पहिलं वाक्य तयार केलं होतं.

दारात सुनंदावहिनी.

हातात कापडी पिशवी, पायाशी गोणपाटात बांधलेलं काहीतरी, केस रात्रीच्या बसने विस्कटलेले. एक हात भिंतीला. आमचे तीन मजले चढून आल्या होत्या त्या गुडघ्यांनी.

"वहिनी! दत्ताला माहीत आहे?"

"नाय. महेशाक पण नाय. सांगू नुकात तेंका." आत आल्या, पण चपला काढल्या नाहीत. "भावजी, आधी माका ती गाडी दाखवा. मी गावाक गेलंय आणि मगे तुम्ही ती घेतलात. एकदा बघूक नाय मी तिका. सवत कशी दिसता ता तरी बघूंदे."

कुमुद पदराला हात पुसत बाहेर आली, बघितलं आणि परत आत जाऊन गॅस बंद केला. पाणी दिलं. खुर्ची दिली. वहिनी टोकावर बसल्या. गोणपाटात कोकमं आणि सोललेले नारळ आहेत म्हणाल्या. मग पाणी अर्धं पिऊन माझ्याकडे सरळ बघितलं.

"चाळीस वर्षां संसार केलंय मी तेंच्यावांगडा. एक मशीन आठ दिवसाच्या वर बंद रवलेला बघूक नाय. खरा काय ता सांगा, भावजी. ती गाडी चालू होणा नाय, की हे तिका चालू करूक देणत नाय?"

मी म्हटलं, चहा घ्या आधी.

आता कुमुद त्यांना चहा आणि गरम चकली देतेय. आतून दोघींचा हळू आवाज. मी रोजनिशी घेऊन दोन मिनिटं इथे आलोय, चष्मा शोधायच्या निमित्ताने. गाळ्याची किल्ली खिशात आहे. दत्ता या वेळी तिथेच असणार. रिक्षा नाक्यावर मिळेल. जिना उतरताना त्यांना हात द्यावा लागेल, सावकाश, आणि तेवढ्या वेळात मला ठरवायचंय, आधी माझा दाणा सांगायचा की

वहिनी हाक मारतायत. चपला त्यांनी अजून काढलेल्या नाहीत.